तलावाच्या फोटोतली मधली बाई

अब्बा, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, आणि आज लिहिते आहे ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय उरली नाही म्हणून. मराठीतच लिहिते. आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावात नातेवाइकांनी नाकं मुरडली तरी तुम्ही मला मराठी शाळेत घातलंत, आणि माझी पुस्तकं तुम्ही स्वतः ओळीखाली बोट ठेवून वाचायचात. उर्दू मला बोलण्यापुरती आली. तुमचं अक्षर तर कधी लागलंच नाही, आणि त्याचाही हिशेब पुढं यायचा आहे. पण आधी जे झालं ते सरळ सांगते. तुम्ही काढलेल्या एका फोटोतून मी एक बाई पुसून टाकली. तिच्या मांडीवर लेकरू होतं, तेही पुसलं गेलं. आता ती दोघं कुठंच नाहीत, आणि मी चार महिने झाले जंग जंग पछाडते आहे, तरी मला ती परत आणता येत नाहीत.

मला सारखी आपल्या दुकानामागची ती खोली आठवते. खिडकीला लाल कागद, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, आणि टेबलावर तुमची ती उतरती काच. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशानं मागून उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या शिसपेन्सिलीनं एकेक ठिपका द्यायचा. मी एकोणीस वर्षांची आहे आणि मला हे काम तुमच्याहून सफाईनं येतं असं मला वाटून राहिलं आहे. शाळेच्या वर्गाचा फोटो आहे. मागच्या रांगेत, दाराच्या काळोखापुढं उभी असलेली एक पोरगी नेमकी हलली आहे. तिचा चेहरा धुरासारखा पसरला आहे. मी ब्लेडचं टोक घेऊन ती अलगद खरवडते. ती दारातल्या काळोखात मिसळून जाते. फोटो कसा नीटनेटका होतो. तुम्ही घाईत असता, म्हणून छापायचंही मीच छापते, आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत तुमच्यापुढं ठेवते.

तुम्ही शाबासकी दिली नाहीत. पाकिटावरचा आकडा पाहिलात आणि बोटानं डोकी मोजायला लागलात. दोनदा मोजलीत. मग म्हणालात, "बेटा, एक्केचाळीस लिहून आणले मी. चाळीसच भरतात. एक लेकरू कुठं गेलं?"

"ती हलली होती, अब्बा. भुतासारखी दिसत होती. सगळा फोटो बिघडत होता."

"हलली असंल. पण होती ना तिथं?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच चढवायचा नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. "उद्या तिची माय फोटो पाहील," तुम्ही म्हणालात, "आणि विचारील, माझी पोरगी त्या दिवशी शाळेत नव्हती काय? गुरुजी म्हणतील, होती. फोटो म्हणेल, नव्हती. मग माणसं कुणाचं ऐकतील? फोटोचंच ऐकतील, बेटा. फोटो बोलत नाही ना, म्हणून त्याचं सगळे ऐकतात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या कॅरियरवर बसवलंत, कॅमेऱ्याचं तिकाटणं माझ्या मांडीवर आडवं, आणि आपण पुन्हा त्या शाळेत गेलो. गुरुजी वैतागले, तुम्ही हात जोडलेत, पोरांना पुन्हा रांगेत उभं केलंत. त्या पोरीला माहीतही नव्हतं की हे सगळं तिच्यामुळं चाललं आहे. ती श्वास कोंडून, गाल फुगवून उभी राहिली, जरासुद्धा हलली नाही. परत येताना चढावर तुम्ही सायकलवरून उतरलात आणि ढकलत चालू लागलात. मी रडत होते. तुम्ही मागं न पाहता म्हणालात, "डाग काढ, पुरळ काढ, गिऱ्हाईक म्हणलं तर देवीचे वणही काढ. माणूस काढायचा नाही." एवढंच. नंतर आयुष्यात कधी तो विषय तुम्ही काढला नाहीत.

तुम्ही अगदी कडक होतात असंही नाही. सेनगावच्या बाजूची एक विधवा आली होती, तिचा आणि नवऱ्याचा एकत्र फोटोच नव्हता. नवऱ्याचा एकट्याचा होता, बैलबाजाराच्या दाखल्यासाठी काढलेला. तुम्ही दोन दिवस खपून दोघांना शेजारी शेजारी बसवलंत, इतकं छान की ती बाई पदर तोंडाला लावून बघतच राहिली. पण देण्याआधी तुम्ही फोटो पालथा केलात आणि मागं शाईनं लिहिलंत, हा जोडलेला फोटो आहे, दोघे असे बसले नव्हते. ती हिरमुसली. "काहून लिवलं, चाचा?" तुम्ही म्हणालात, "माय, भिंतीवर मागची बाजू कुणाला दिसत नाही. तुला जे पाहायचं ते तू पाहा. पण शंभर वर्षांनी कुणी खिळ्यावरून काढला, तर त्याला बराबर कळलं पाहिजे." मला तेव्हा हसू आलं होतं. शंभर वर्षांनी कोण येतं, आणि आपल्या गोरेगावातल्या कुणाचा फोटो कोण तपासतं!

तुमच्यानंतर मी दुकान सेनगावला हलवलं. आता ते खरं म्हणजे फोटोचं दुकान राहिलं नाही. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचे अर्ज, मोबाईलचे कव्हर, आणि कोपऱ्यात एक पडदा नि स्टूल. फोटो सगळ्यांच्या खिशात आहेत. लोक माझ्याकडं येतात ते फोटो काढायला नाही, फोटोतलं काहीबाही काढायला. मिटलेले डोळे उघडून द्या. दुबईला असलेला भाऊ लग्नात उभा करा. काडीमोड झालेली सून फॅमिली फोटोतून काढा. पहिल्यांदा एक सून काढली तेव्हा मला तुमची आठवण झाली होती. दहाव्या वेळी झाली नाही. पूर्वी ब्लेडनं तासभर लागायचा; आता माणसाभोवती रेघ ओढायची, आणि मागची भिंत संगणक आपणच रचून देतो. मागं लिहायची सोयच नाही, कारण मोबाईलमधल्या फोटोला मागची बाजूच नसते.

आणि तुमच्या निगेटिव्ह. तेही इथंच सांगून टाकते. दुकान हलवताना बावीस खोकी निघाली. काही ओलीनं चिकटली होती, आणि जी चांगली होती त्यांच्या पाकिटांवर तुमची उर्दू. कुणाचं लग्न, कुठलं गाव, मला काही लागेना. नव्या दुकानात ठेवायला जागा नव्हती. हिंगोलीचा एक भंगारवाला जुनी फिल्म घेतो, त्यातली चांदी काढतात, असं कुणीतरी सांगितलं. मी खोकी त्याच्या हातगाड्यावर चढवून दिली. तुमची पस्तीस वर्षं चौकातून वळून दिसेनाशी झाली आणि मी आत येऊन फरशी पुसली. एखाद्या मौलवीसाहेबांकडून पाकिटं वाचून घेता आली असती. मला सुचलं नाही. नाही, सुचलं होतं. कंटाळा केला.

दिवाळीच्या आधी एक पोरगा आला. पोरगा म्हणजे चाळिशीचा असेल, डोंगराकडच्या एका गावचा, मोठ्या घरातला. बोलायला फार गोड. त्याच्या गावच्या तलावाला आजोबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्यानिमित्त एक पुस्तक छापायचं आणि तलावाच्या भिंतीवर काळ्या दगडात फोटो कोरायचा. फोटो त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी त्या तलावाचं काम चाललं होतं, तेव्हाचा. जुनी चावडी पाडली तेव्हा त्यानं तो भिंतीवरून उतरवून घेतला होता. दगडांचा उतार, त्यावर वीस-बावीस माणसं, कुणाच्या खांद्यावर कुदळ, कुणाच्या डोक्यावर घमेलं, आणि सगळ्यांच्या मधोमध टोपलं पालथं घालून बसलेली एक तरुण बाई, मांडीवर लेकरू. उजव्या कोपऱ्यात तुमचा उठावाचा शिक्का होता, अब्बा. मी काचेवरूनच त्याच्यावर अंगठा फिरवला. मला इतका आनंद झाला की मी त्या पोराला चहा पाजला.

"आपा, एक घरचं काम समजा," तो म्हणाला. "आजोबा त्या दिवशी परभणीला गेले होते, तलावाच्याच वाढीव मंजुरीसाठी. तेवढ्यात फोटोवाला येऊन फोटो काढून गेला. नसता मधात तेच बसले असते."

"मग?"

"मग त्यांना बसवा ना. हा घ्या त्यांचा फोटो, माझ्या बापाच्या लग्नातला. खुर्चीसकट घ्या. ही मधली कुणी कामावरची असंल. तिची काही गरज नाही."

मी विचारलं नाही ती कोण होती. हेच मला पुन्हा पुन्हा खुपतं, अब्बा. तो काही माझ्यावर जोर करत नव्हता. मी नाही म्हणाले असते तर हसून दुसरीकडं गेला असता. मी उलट फोटो स्कॅन करून लगेच कामाला लागले, कारण काम अवघड होतं आणि मला ते जमणार होतं. उजेड डावीकडून आणि म्हाताऱ्याच्या फोटोत उजवीकडून. मी त्याला उलटा केला. उलटा केल्यावर कोटाची बटणं चुकीच्या बाजूला गेली, तीही मी फिरवली. घड्याळ या हातातून त्या हातात घातलं. खुर्चीच्या पायांखाली दगडांची सावली दिली. जुन्या कागदाचे दाणे सगळीकडं सारखे पसरले. तुमचा शिक्का मात्र मी जपून जसाच्या तसा ठेवला, कारण त्यानं फोटो अस्सल वाटत होता. संध्याकाळी मी ती फाईल मूळ फाईलच्याच नावानं, तिच्याच वर, सेव्ह केली. फोटो त्याला परत दिला. आणि शेजारच्या शिंप्याला बोलावून म्हटलं, "सांग बरं, यात कोण उपरा आहे?" त्याला ओळखता आलं नाही. मी खूश झाले.

पुस्तक निघालं, दगड बसला. मग तो फोटो चालायला लागला. कुणीतरी त्याला रंग दिले. कुणीतरी मोबाईलवर असं केलं की त्यातला म्हातारा मान हलवतो, हळूच हसतो आणि मागच्या बायकांच्या ओढण्या वाऱ्यावर उडतात. ओढण्या! त्या काळच्या कामावरच्या बायकांना! शाळेत गावाच्या इतिहासाचा तक्ता लागला, त्यावरही तोच. हिंगोलीच्या एका कॉलेजातल्या सरांनी दुष्काळी कामांवर लिहिताना तो वापरला. मला सगळे पाठवत होते, कारण कोपऱ्यात तुमचा शिक्का होता. लोक म्हणायचे, तुमच्या वडिलांनी केवढं काम करून ठेवलंय. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायची.

पौषाच्या थंडीत एक म्हातारी दुकानात आली. नातीनं तिला धरलं होतं. काखेत ते पुस्तक. ती स्टुलावर टेकली, दम खाल्ला आणि म्हणाली, "माय, फोटूवाल्या चाचाची पोरगी तूच का?"

"हो, आजी."

तिनं पुस्तक उघडलं. पान आधीच दुमडून ठेवलेलं होतं. "ह्याच्यात मी न्हाई," ती म्हणाली. "मी हितं बसले व्हते. ह्या खुर्चीच्या जागी. धोंड्यात खुर्ची कोन नेतं, माय? टोपलं पालथं घालून बसले व्हते मी. मी बायांची मुकादम व्हते. तुझ्या बापानंच सांगितलं, बाई, तू मधात बैस."

मी उठले आणि उगाच झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडून बंद केलं.

"मले काढलं तं काढलं," ती म्हणाली. "मी आता किती दिसाची. पन पोरगी काहून काढली? तिचा दुसरा फोटू न्हाई कुठं. त्या फोटूनंतर पंधरा दिसात हगवण लागून गेली ती. चालाया बी लागली नव्हती. चावडीत फोटू व्हता तवा मी राशनचं काम असो का नसो, जाऊन वर पाहायची. बाया देवाला जात, मी चावडीत जायची. चावडी पाडली, म्हणलं फोटू कुठं तरी लावतील. लावला, तं हा असा लावला."

मी तिला सांगितलं, आजी, हे मी केलं. तिला आधी समजलंच नाही. तिला वाटत होतं जुना होऊन फोटो आपोआप बिघडला असेल, आणि माझ्याकडं चांगला असेल, म्हणून ती आली होती. नातीनं तिला मोठ्यानं सांगितलं, "आजी, ह्याच बाईनं पुसलं तुले." म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग तुले परत काढता यील की."

तेव्हापासून मी धावते आहे, अब्बा. त्या पोराकडं गेले. तो वाईट नाही हो, तोही गडबडला. "आपा, तो कागद काचेला चिकटला होता. तुमच्याकडून आणल्यावर वेगळा करायला गेलो तर फाटला. तुमच्याकडं कॉपी असंल म्हणून फेकला." मग म्हणाला, "आता दगडात कोरलंय. आणि केलं तर तुम्हीच ना." मी संगणक हिंगोलीला नेला, दोन ठिकाणी उघडून पाहिला, जिच्यावर दुसरं लिहिलं ती फाईल निघत नाही म्हणाले. त्या भंगारवाल्याला शोधलं. तो वारला आहे, त्याचा मुलगा बसतो. त्यानं हात उडवले, "आपा, वो तो कब के उबाल डाले." तुमची पस्तीस वर्षं उकळून कुणाच्या तरी पैंजणात गेली असतील.

त्या फोटोतला एक गडी अजून जिवंत आहे, डाव्या टोकाला कुदळ घेऊन उभा असलेला. त्याच्याकडं मी फार आशेनं गेले. ग्रामसभेत उभं राहून त्यानं एक वाक्य सांगितलं तरी पुरे, असं मला वाटत होतं. तो खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "बाबा, मधात कोण बसलं होतं, आठवतं का?" तो लगेच म्हणाला, "मुकादमीन व्हती की. लेकरू घेऊन." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्याच्या मुलानं कौतुकानं आतून पुस्तक आणलं आणि त्याच्यापुढं धरलं. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग मधल्या खुर्चीवर. "न्हाई," तो हळूच म्हणाला. "मालक बसले व्हते. फोटूतच हाये ना. माझंच चुकून राह्यलं." मी सांगितलं की बाबा, हे खोटं आहे, मी बनवलं आहे, मालक परभणीला होते. तो कीव आल्यासारखा माझ्याकडं बघायला लागला. मी उठता उठता तो मुलाला सांगत होता, मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना गूळ वाटला होता म्हणून. माझ्यासमोर, अब्बा, माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्यातून ती बाई गेली. मी संगणकावर केलं ते तिथंही झालं. मागची भिंतसुद्धा आपोआप भरली.

शेवटी त्या कॉलेजातल्या सरांकडं गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "ताई, मी फोटो मोठा करून पाहिलाय. सावल्या बराबर आहेत. दाणे सारखे आहेत. जोड कुठंच दिसत नाही."

"कारण तो मी केलाय, सर. मला येतं ते."

"असेल. पण मूळ फोटो आहे का? निगेटिव्ह? निदान एखादं पत्र?"

"म्हातारी आहे ना. जिवंत आहे."

"तोंडी आठवणीत चुका होतात. आणि त्या डावीकडच्या बाबांनाही मी विचारलंय, ते मालकच म्हणतात." त्यांनी चष्मा पुसला. त्यांचं लिहून छापूनही झालं होतं. त्यात एक वाक्य होतं, ते त्यांनी मला दाखवलं: बायका टोपल्या वाहत, मात्र कामाची सूत्रं पुरुषांच्याच हाती असत, हे सोबतच्या छायाचित्रावरून स्पष्ट होते. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकता येईल, की या छायाचित्राबद्दल एका स्थानिक व्यावसायिकाचं वेगळं म्हणणं आहे. मी आयुष्यभर जोड दिसू नये म्हणून डोळे फोडून घेतले, आणि आता मला माझाच जोड सापडत नाही. मी भिंग घेऊन बसते. खुर्चीचा पाय, दगड, सावली. कुठंच काही नाही. आणि कोपऱ्यात तुमचा शिक्का. खोटं माझं, सही तुमची.

मग मी ते केलं, जे तुम्हाला सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हातारीला परत बनवलं. तिच्या नातीला स्टुलावर बसवून तिचा चेहरा घेतला, कारण म्हातारीची हनुवटी तिला आली आहे. तिला जुनं लुगडं नेसवलं. लेकरू कुठून आणायचं? माझ्याकडं तुमच्या हातचे थोडे फोटो उरलेत, त्यात अम्मीच्या मांडीवर मी आहे, दहा महिन्यांची असेन. मी मलाच तिथं बसवलं. आठ दिवस खपले. त्या खोट्यापेक्षा हे खोटं तरी खऱ्याच्या जवळ जाईल, असं स्वतःला समजावत होते. कागदावर छापून, मागं तुमच्यासारखंच लिहून, दुपारच्या जीपनं तिच्या गावाला गेले.

ती पत्र्याच्या सावलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात पुसून तिनं फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. स्वतःकडं तिनं पाहिलंच नाही. लेकराच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आजी, माझ्यानं एवढंच झालं."

"चांगली हाये. कुनाची तरी असंलच." तिनं फोटो मला परत दिला. रागानं नाही, दुसऱ्याचं मूल जसं त्याच्या आईकडं देतात तसा दिला. मग पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी फोटो पिशवीत ठेवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तू तं पाह्यलं असंल तिले. मोठ्ठं करून. फोटू लई उंचावर व्हता, मले खालून तोंड नीट दिसायचंच न्हाई. सांग बरं, ती हसून राह्यली व्हती का? तुझा बाप लई टाळ्या वाजवू लागला व्हता तिच्यासाठी."

"हसत होती, आजी," मी म्हटलं.

"खरंच?"

"खालचे दोन दात दिसत होते."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "व्हय," ती म्हणाली. "दोनच आले व्हते." आणि तिनं मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलायला लागले, आणि नात आतून धावत आली.

अब्बा, हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला माहीत आहे. वाचून दाखवावं असंही कुणी नाही. पण एवढं कुणापुढं तरी कबूल करायला पाहिजे. मी त्या लेकराचं तोंड पाहिलंच नव्हतं. अख्खी दुपार ते माझ्यापुढं पडदाभर मोठं होतं, आणि मी फक्त कडा पाहत होते, ते कुठं संपतं आणि दगड कुठून सुरू होतो तेवढंच. ते हसत होतं की रडत होतं, मला ठाऊक नाही. ते दोन दात मी मनानंच सांगितले.